मोटारसायकलीचा विमा : कोणता घ्यावा व कसा निवडावा

आळंदी व तिच्या आसपासचीं गांवें यांत मोटारसायकल ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. चाकणच्या बाजारांत कांद्याचा भाव पाहावयास जाणें, डेअरीवर दूध घालणें, उताऱ्यासाठीं राजगुरुनगरच्या कचेरींत खेटा घालणें, मुलास कारखान्यांत पाळीवर पोंचविणें, हीं कामें ज्या घरांत पूर्वीं बैलगाडीनें अथवा पायीं होत, त्याच घरांत तीं आज मोटारसायकलीवर होतात. त्या गाड्या तयारही आपल्या शेजारींच होतात. चाकण येथील बजाज कंपनीचा कारखाना सर्वांच्या परिचयाचा आहे.

परंतु वाहन जितकें जवळचें झालें, तितकाच धोकाही जवळ आला आहे. पुणें-नाशिक हमरस्ता, चाकणचा चौक, मरकळचा रस्ता व देहू-आळंदी रस्ता यांवरून कारखान्यांच्या मालाच्या अवजड गाड्या रात्रंदिवस धांवत असतात. कार्तिकी यात्रेंत व आषाढींत पालखीच्या प्रस्थानाचे वेळीं हेच रस्ते वारकऱ्यांनीं भरून जातात. अशा ठिकाणीं सावध माणसाच्या हातूनही अपघात घडणें अशक्य नाहीं. असें असून जो शेतकरी गाडी निवडतांना चार दुकानें हिंडतो व आठ जणांचा सल्ला घेतो, तोच विम्याच्या कागदावर न वाचतां सही करतो. आणि तो कागद काय देतो व काय देत नाहीं, हें त्यास अपघातानंतर कळतें. तें आधीं कळावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

विम्याचे दोन भाग

आपला बैल सुटून शेजाऱ्याच्या ज्वारींत शिरला व त्यानें पीक खाल्लें, तर भरपाई आपण द्यावयाची. तोच बैल आपल्या विहिरींत पडून मेला, तर तोटा आपणच सोसावयाचा. बैल एकच, पण नुकसान दोन प्रकारचें. मोटारसायकलीच्या विम्याचे दोन भाग नेमके असेच आहेत.

आपल्या गाडीनें दुसऱ्याचें नुकसान केलें असतां त्याची भरपाई विमा कंपनी आपल्या वतीनें देते, तो पहिला भाग. यास त्रयस्थ पक्षाचा विमा, किंवा लोकांच्या बोलण्यांतील थर्ड पार्टी, म्हणतात. आपल्या स्वतःच्या गाडीची मोडतोड झाली, ती जळाली, चोरीस गेली किंवा पुरांत सांपडली, तर त्याची भरपाई मिळते, तो दुसरा भाग. त्यास या लेखांत स्वनुकसानीचा विमा म्हणूं. दोन्ही भाग एकाच पॉलिसींत घेतले म्हणजे तिला पॅकेज पॉलिसी, अगर गांवच्या भाषेंत 'फुल विमा', म्हणतात. हें नांव मात्र फसवें आहे. पॅकेज पॉलिसींतही सर्व कांहीं येत नाहीं, हें पुढें दिसेल.

कायदा काय सांगतो

त्रयस्थ पक्षाचा विमा ही आपल्या मर्जीची गोष्ट नाहीं. आपल्या देशांत १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें हा विमा सक्तीचा केला व त्यासंबंधीचीं कलमें १९४६ सालीं अंमलांत आलीं. सध्यां लागू असलेल्या १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ अन्वयें सार्वजनिक ठिकाणीं कोणतेंही मोटार वाहन या विम्यावांचून चालवितां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, व पुन्हां गुन्हा केल्यास ४,००० रुपये दंड, अशी शिक्षा आहे. गांवचा रस्ता व बाजाराचें आवार हीं सार्वजनिक ठिकाणेंच होत. "मी हमरस्त्यास जातच नाहीं" हें उत्तर चालत नाहीं.

दंड ही मात्र या बाबतींतील सर्वांत लहान गोष्ट आहे. समजा, विमा नसलेल्या गाडीचा धक्का लागून रस्त्यानें चालणारा एक कमावता तरुण मरण पावला. त्याचें वय, त्याची मिळकत व त्याच्यावर अवलंबून असलेलीं माणसें पाहून मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई ठरवितें. चूक कोणाची हें सिद्ध न करतांही कलम १६४ खालीं मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मागतां येतात; चूक सिद्ध झाल्यास रक्कम याहून पुष्कळ मोठी होऊं शकते. विमा असेल तर ती कंपनी देते. विमा नसेल तर ती गाडीच्या मालकाकडून घ्यावयाची असते, आणि कलम १७४ प्रमाणें न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला पाठवून ती जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करवूं शकतें. म्हणजे वर्षाचा सात-आठशें रुपयांचा हप्ता चुकविलेल्या गाडीच्या अपघाताचा शेवट सातबाराच्या उताऱ्यावर होऊं शकतो. जमीन असलेल्या माणसानें हें विशेष ध्यानांत ठेवावें; ज्याच्याजवळ कांहीं आहे, त्याच्याकडूनच वसुली होते.

त्रयस्थ विम्याचा हप्ता

या भागाचा हप्ता कंपनी ठरवीत नाहीं, केंद्र सरकार ठरवितें. त्यामुळें कोणत्याही कंपनीकडे गेलें तरी तो सारखाच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेले वार्षिक दर असे : इंजिन ७५ सी.सी. पर्यंत ५३८ रुपये. ७५ च्या वर १५० पर्यंत ७१४ रुपये. १५० च्या वर ३५० पर्यंत १,३६६ रुपये. ३५० च्या वर २,८०४ रुपये. विजेच्या गाडीस ३ किलोवॅटपर्यंत ४५७ व ३ च्या वर ७ किलोवॅटपर्यंत ६०७ रुपये. यावर वस्तु व सेवा कर निराळा. दर वेळोवेळीं बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वीं त्या दिवशींचा दर विचारावा. आपल्याकडील बहुतेक गाड्या १०० ते १५० सी.सी. च्या असल्यामुळें त्या ७१४ रुपयांच्या वर्गांत पडतात.

दुसऱ्या माणसाच्या मृत्यूबद्दल अथवा इजेबद्दल न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती सर्व कंपनीनें द्यावयाची असते, तीस मर्यादा नाहीं. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र दुचाकीच्या पॉलिसींत एक लाख रुपयांची मर्यादा आहे.

पांच वर्षांच्या विम्यासंबंधीं एक गैरसमज

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस त्रयस्थ पक्षाचा विमा एकदम पांच वर्षांचा घ्यावा लागतो. यामुळें "आपल्या गाडीचा विमा पांच वर्षें आहे" असें पुष्कळ लोक समजून चालतात. पांच वर्षें असतो तो फक्त त्रयस्थ भाग. स्वनुकसानीचा भाग व मालकाच्या अपघाताचा भाग बहुतकरून एक वर्षाचाच घेतलेला असतो, व तो पहिल्या वर्षाअखेर संपतो. दुसऱ्या वर्षीं गाडी चोरीस गेली म्हणजे मालक पांच वर्षांचा कागद घेऊन कंपनींत जातो व रिकाम्या हातानें परत येतो. ज्यांची गाडी २०१८ नंतरची आहे, त्यांनीं आजच पॉलिसी काढून प्रत्येक भागाची मुदत निरनिराळी वाचून पाहावी. स्वनुकसानीचा विमा २०१९ च्या सप्टेंबरपासून स्वतंत्रपणें, व वाटल्यास दुसऱ्या कंपनीकडूनही, घेतां येतो.

मागें बसणारा माणूस

या लेखांतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच होय. आपल्याकडे मोटारसायकल एकट्यानें क्वचितच चालते. मागें बायको असते, म्हातारे वडील असतात, किंवा वाटेंत हात केलेला शेजारी असतो. आपल्या चुकीनें गाडी घसरली व मागें बसलेल्यास इजा झाली, तर भरपाई कोण देणार ?

नुसती त्रयस्थ पक्षाची, म्हणजे कायद्यापुरतीच, पॉलिसी असेल तर दुचाकीवर मागें बसलेला माणूस तींत येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं दिला. पॅकेज पॉलिसी असेल तर तो येतो. विमा नियामक मंडळानें २००९ सालीं तसें कंपन्यांस स्पष्ट कळविलें व पुढें २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तो भेद मान्य केला. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मागें बसलेल्यास त्या वाहनाच्या कंपनीकडून भरपाई मागतां येते, ही गोष्ट निराळी. पण चूक आपली असेल तर नुसत्या त्रयस्थ विम्यांत शेजाऱ्याच्या उपचाराचा अगर मृत्यूचा भार आपल्याच घरावर येऊं शकतो.

यासाठीं पॉलिसी घेतांना "मागें बसणाऱ्याची जबाबदारी यांत आहे काय ?" असा प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावें. ज्यांचा त्रयस्थ विमा एका कागदावर व स्वनुकसानीचा दुसऱ्या कागदावर आहे, त्यांनीं तर ही जबाबदारी कोणत्या कागदांत धरली आहे, हें अवश्य विचारावें.

मालक-चालकाचा अपघात विमा

त्रयस्थ म्हणजे तिसरा. मालक हा तिसरा नव्हे. म्हणून मालक स्वतः अपघातांत दगावला तर त्रयस्थ विम्यांतून त्याच्या कुटुंबास कांहीं मिळत नाहीं. त्यासाठीं 'मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा' या नांवाचा वेगळा भाग आहे. त्याची रक्कम १५ लाख रुपये असते. मृत्यु किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास, तसेंच दोन अवयव अथवा दोन्ही डोळे गेल्यास पूर्ण रक्कम, व एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास निम्मी रक्कम मिळते. मालकापाशीं असा १५ लाखांचा दुसरा अपघात विमा आधींच असेल तर हा पुन्हां घ्यावा लागत नाहीं.

यांत दोन अटी आहेत व दोन्ही शेतकऱ्याच्या घरांत अडचणीच्या ठरतात. पहिली, गाडी मालकाच्या नांवावर नोंदलेली असून तोच ती चालवीत असला पाहिजे. दुसरी, त्याच्यापाशीं चालू मुदतीचा परवाना असला पाहिजे. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नांवावर असते व चालवितो मुलगा. कित्येक वडिलांजवळ परवानाच नसतो. अशा घरांत हा हप्ता वर्षानुवर्षें भरला जातो, पण रोज धोका पत्करणाऱ्या मुलास त्याचा आधार मिळत नाहीं. उपाय सोपा आहे. जो गाडी खरोखर चालवितो त्याच्या नांवावर ती घ्यावी अथवा करून द्यावी. तें शक्य नसेल तर त्या मुलाच्या नांवें स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावा.

याशिवाय दोन सरकारी योजना ध्यानांत असूं द्याव्या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेंत १८ ते ७० वर्षें वयाच्या बँक खातेदारास वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचा अपघात विमा मिळतो. आणि महाराष्ट्र सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखालीं, १० ते ७५ वर्षें वयाचा खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबांतील एक व्यक्ति यांस अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपयांचें साहाय्य मिळूं शकतें. त्यासाठीं हप्ता भरावा लागत नाहीं, परंतु प्रस्ताव ३० दिवसांचे आंत तालुका कृषि अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. दुःखाच्या दिवसांत ही मुदत निघून जाते, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं ती लक्षांत आणून द्यावी.

स्वनुकसानीचा विमा : गाडीची किंमत

स्वनुकसानीच्या भागाचा हप्ता २००७ सालानंतर प्रत्येक कंपनी आपापला ठरविते. सबब येथें दोन-तीन ठिकाणीं चौकशी करण्यांत फायदा आहे. हा हप्ता गाडीच्या विमाकिंमतीवर आकारतात. विमाकिंमत म्हणजे त्या गाडीची आजची विक्रीची छापील किंमत वजा वयाप्रमाणें घसारा. सर्वसाधारण घसारा असा धरतात : सहा महिन्यांपर्यंत शेंकडा ५, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४०, पांच वर्षांपर्यंत ५०. त्यापुढें मालक व कंपनी यांनीं आपसांत ठरवावयाची असते. म्हणजे एक लाख रुपये किंमतीची गाडी साडेतीन वर्षांची झाली कीं तिची विमाकिंमत ६०,००० रुपये होते, आणि ती चोरीस गेल्यास मुख्यतः याच आंकड्यावरून भरपाई ठरते.

कांहीं विक्रेते हप्ता कमी दाखविण्यासाठीं ही किंमत खालीं आणतात. हप्त्यांत थोडेसे रुपये वांचतात, पण गाडी गेल्यास हजारोंचा तोटा होतो. दोन कंपन्यांच्या हप्त्यांची तुलना करतांना विमाकिंमत दोन्हींकडे एकच आहे ना, हें प्रथम पाहावें. नाहीं तर ती तुलनाच खोटी.

या भागांत आग, वीज पडणें, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, दरड कोसळणें व बाहेरून झालेला अपघात इतक्या गोष्टी येतात. इंद्रायणीला पूर येतो तेव्हां नदीकांठच्या घरांना याचें महत्त्व सांगावयास नको. परंतु एक सूचना लक्षांत ठेवावी. पाण्यांत बुडालेली गाडी तशीच चालू करण्याचा खटाटोप केल्यास पाणी इंजिनांत ओढलें जातें व इंजिन निकामी होतें. तें नुकसान पुरानें नव्हे तर आपल्या कृतीनें झालें, असें म्हणून कंपनी तें नाकारूं शकते. अशी गाडी ढकलत कारखान्यांत न्यावी.

झीज, यंत्राचा आपोआप झालेला बिघाड, तसेंच गाडी जागेवर असतां तिचे नुसते सुटे भाग चोरीस जाणें, हें या विम्यांत येत नाहीं.

दुरुस्तीच्या बिलांतून काय मिळतें

दुरुस्तीचें बिल जेवढें तेवढे पैसे मिळतात, ही दुसरी चुकीची समजूत आहे. जुन्या भागाच्या जागीं नवा भाग बसतो, म्हणून कंपनी घसारा कापते. रबर, प्लॅस्टिक, टायर, ट्यूब व बॅटरी यांवर निम्मा. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणें, सहा महिन्यांपर्यंत कांहीं नाहीं व पुढें वाढत दहा वर्षांनंतर निम्मा.

कल्पित उदाहरण घेऊं. अडीच वर्षांच्या गाडीचें बिल ११,५०० रुपये झालें. त्यांत प्लॅस्टिकचे भाग ४,०००, धातूचे भाग ६,००० व मजुरी १,५००. प्लॅस्टिकचे निम्मे, म्हणजे २,००० मिळतील. धातूच्या भागांवर या वयास शेंकडा १५ कापून ५,१०० मिळतील. मजुरी पूर्ण १,५०० मिळेल. एकूण ८,६००, त्यांतून पॉलिसींत लिहिलेली लहानशी सक्तीची वजावट जाईल. सुमारें ३,००० रुपये आपल्या पदरचे पडले.

ही कपात नको असेल तर थोडा जादा हप्ता देऊन 'शून्य घसारा' नांवाची जोड घेतां येते. आजकालच्या गाड्यांत प्लॅस्टिकचे भाग पुष्कळ असल्यामुळें पहिलीं तीन-चार वर्षें ही जोड उपयोगी पडते. इंजिनाच्या संरक्षणाची जोड पुराच्या पट्ट्यांत राहणाऱ्यानें विचारांत घ्यावी. बाकीच्या पुष्कळशा जोडी विक्रेत्याच्या आग्रहाखातर घेऊं नयेत.

दावा न केल्याबद्दल सूट

ज्या वर्षीं आपण स्वनुकसानीचा दावा केला नाहीं, त्याच्या पुढील वर्षीं त्या भागाच्या हप्त्यांत सूट मिळते. ती क्रमानें शेंकडा २०, २५, ३५, ४५ व ५० अशी वाढते. एक दावा केला कीं ती शून्यावर येते. समजा, मूळ हप्ता १,००० रुपये असून आपण ५० टक्के सुटीवर आहों. दावा केल्यास पुढील वर्षीं ५००, त्यानंतर ३००, २५०, १५० व ५० असे जादा, एकूण १,२५० रुपये भरावे लागतात. तेव्हां बाराशें रुपयांच्या आंतील किरकोळ दुरुस्तीसाठीं दावा करणें म्हणजे शेतसाऱ्याच्या पावतीसाठीं शेत विकण्यासारखें आहे.

ही सूट गाडीची नव्हे, मालकाची असते; जुनी गाडी विकून नवी घेतल्यास ती नव्या गाडीस लावून घेतां येते. मात्र पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नवी केली नाहीं तर ती बुडते.

कोणी कोणता विमा घ्यावा

(१) गाडी पांच वर्षांच्या आंतील असून रोज हमरस्त्यावर किंवा कारखान्यांच्या पट्ट्यांत जात असेल, तर पॅकेज पॉलिसी व पहिलीं कांहीं वर्षें शून्य घसाऱ्याची जोड घ्यावी.

(२) गाडी पांच वर्षांहून जुनी असून मागें नेहमी कोणी बसत असेल, तरीही शक्य तों पॅकेज पॉलिसीच घ्यावी. जुन्या गाडीची विमाकिंमत थोडी, म्हणून स्वनुकसानीचा हप्ताही थोडा पडतो. आणि त्या थोड्या पैशांत मागें बसणाऱ्याची जबाबदारीही कंपनीवर जाते. फार जुन्या गाडीस कांहीं कंपन्या अशी पॉलिसी नाकारतात, तेव्हां दुसरीकडे विचारावें.

(३) गाडी इतकी जुनी झाली कीं ती गेल्याचें दुःख नाहीं, आणि मळ्यापर्यंत एकटाच माणूस नेतो, तर त्रयस्थ विमा व चालविणाऱ्याचा अपघात विमा एवढें पुरे. याच्या खालीं मात्र कोणीही जाऊं नये.

(४) गाडी कर्जानें घेतली असेल तर धनकोचें नांव पॉलिसीवर असतें व गाडी पूर्ण गेल्यास भरपाई प्रथम त्याच्याकडे जाते. कर्ज फिटल्यावर तें नांव नोंदणीच्या पुस्तकांतून व पॉलिसींतून दोन्हीकडून काढवून घ्यावें.

ज्या चुकांनीं विमा व्यर्थ जातो

परवाना नसलेल्या माणसाच्या हातीं गाडी दिली व अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाहीं. जखमी माणसास न्यायालय कंपनीकडून पैसे देवविते, पण पुष्कळदां तेच पैसे मालकाकडून वसूल करण्याची कंपनीस मुभाही देतें. अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. दारू पिऊन चालविलेल्या गाडीचीही भरपाई नाहीं.

खाजगी दुचाकीच्या पॉलिसींत भाड्यानें वाहतूक करणें व मालाची वाहतूक करणें वगळलेलें असतें. ज्या घरांतील मुलगा मोटारसायकलीवर घरोघर माल पोंचविण्याचें काम करतो, किंवा जी गाडी रोज दुधाचे कॅन वाहते, त्यांनीं हा उपयोग कंपनीस आधींच सांगून उत्तर लेखी घ्यावें. दावा नाकारल्यावर वाद घालण्यापेक्षां हप्ता भरण्यापूर्वीं विचारणें स्वस्त पडतें.

जुनी गाडी नुसत्या चिठ्ठीवर विकणें ही आपल्याकडील फार वाईट संवय आहे. पिंपरी-चिंचवडच्या आर.टी.ओ. कडे, म्हणजे एम.एच. १४ च्या नोंदवहींत, जोंपर्यंत आपलें नांव आहे तोंपर्यंत कायदा आपणांसच मालक समजतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं हें पुन्हां स्पष्ट केलें आहे. गाडी तीन हात फिरली व तिसऱ्यानें अपघात केला, तरी नोटीस आपल्या दारीं येते. विकणाऱ्यानें नांव बदलल्याची खात्री करावी. घेणाऱ्यानें चौदा दिवसांचे आंत पॉलिसी आपल्या नांवावर करून मागावी, नाहीं तर स्वनुकसानीची भरपाई मिळणें कठीण.

अपघात झाल्यावर

प्रथम जखमी माणसास दवाखान्यांत पोंचवावें. नंतर पोलिसांत वर्दी द्यावी व कंपनीस त्याच दिवशीं कळवावें. कंपनीचा पाहणी करणारा येईपर्यंत दुरुस्तीस हात लावूं नये. चोरी झाल्यास वर्दीस एक दिवसही उशीर करूं नये, व गाडीच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्या. कंपनी त्या मागते. रस्त्यावर आपसांत मिटवून कोऱ्या कागदावर सही देऊं नये.

कंपनीनें दावा गैरवाजवी रीतीनें नाकारला तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. त्यांचें एक कार्यालय पुण्यांत आहे, तेथें फी पडत नाहीं व वकिलाची गरज नाहीं.

सारांश

पॉलिसी हातांत घेऊन पुढील सहा प्रश्नांचीं उत्तरें तींत सांपडतात कीं नाहीं, तें पाहावें : त्रयस्थ भागाची मुदत केव्हां संपते, स्वनुकसानीच्या भागाची केव्हां संपते, विमाकिंमत किती लिहिली आहे, मागें बसणारा धरला आहे काय, मालक-चालकाचा अपघात विमा चालू आहे काय, व गाडी खरोखर चालविणारा तोच आहे काय, आणि नांव, गाडीचा क्रमांक, इंजिन व सांगाड्याचे क्रमांक नोंदणीच्या पुस्तकाशीं जुळतात काय. बनावट पॉलिस्याही विकल्या जातात. म्हणून सरकारच्या एम-परिवहन या अ‍ॅपांत गाडीचा क्रमांक घालून विम्याची नोंद दिसते कीं नाहीं, हें घरांतील शिकलेल्या मुलाकडून पाहून घ्यावें.

बांधावरील एका हाताच्या जागेसाठीं आपण वर्षानुवर्षें कज्जे करतों. त्याच जमिनीचें रक्षण करणारा हा कागद अर्ध्या तासांत वाचून होतो. येत्या मुदतीची वाट न पाहतां तो आज रात्रीं दिव्याखालीं घेऊन बसावें, अशी वाचकांस विनंति आहे.